घाटावरची माती, घाटाखालची माती

वऱ्हाड आणि मध्यप्रांत एकाच सरकारी जुवाखाली नांदत होते, त्या काळात मी बुलढाण्याला शेतीखात्यात मदतनीस म्हणून लागलो. शेतीची पदवी घेऊन घरी आलो तेव्हा वडील म्हणाले होते, "शेतीच शिकाची होती तर घरचं वावर काय वाईट होतं?" नोकरी लागल्यावर मात्र त्यांनी गावभर सांगितलं की पोरगा सरकारात माती तपासतो. लोक विचारायचे, "मातीले काय झालं?" याचं उत्तर वडिलांकडे नव्हतं. पुढची काही वर्षं ते माझ्याकडेही नव्हतं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे गावाबाहेरच्या सरकारी फार्मावरची एक कौलारू खोली. आधी तिथे सरकीची पोती असत. एके दिवशी दारावरची पाटी बदलली आणि ती प्रयोगशाळा झाली. उंदरांना हा बदल कुणी कळवला नव्हता. तिथे आम्ही तिघे जण. एक साहेब, एक मी आणि एक शिपाई. साहेब पुण्याकडे शिकलेले. वऱ्हाडी बोली त्यांना निम्मी कळायची, पण अजिबात कळत नाही असं ते दाखवायचे. शास्त्रावर त्यांची फार श्रद्धा होती. देवावर नव्हती, कारण देवाला नागपूरच्या कचेरीत अहवाल पाठवता येत नाही, असं त्यांचं मत असावं.

काम सोपं होतं. चांगली माती हातात चुरली की तिचे साबुदाण्याएवढे रवे पडतात. पावसात हे रवे टिकले तर पाणी मुरतं आणि मुळांना हवा मिळते. विरघळले तर वावरावर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. कुठल्या गावच्या मातीचे रवे किती टिकतात, हे आम्ही मोजायचं होतं. त्यासाठी एक यंत्र मागवलं होतं. एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांची उतरंड, वरच्या चाळणीत माती, खाली पाण्याची टाकी. उतरंड पाण्यात वरखाली बुचकळायची आणि मग चाळण्यांवर जे उरेल ते वाळवून तोलायचं.

हे यंत्र दोन प्रकारांत मिळत असे. एक विजेच्या मोटारीवर चालणारं आणि एक हाताने दांडा फिरवायचं. आमच्या फार्मावर वीज नव्हती, म्हणून हाताचं मागवलं. इथवर कुणाचं काही चुकलं नाही. पण यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक मोटारीच्या यंत्राचं होतं. त्यात किती मिनिटं चालवायचं ते लिहिलं होतं, किती वेगाने ते लिहिलं नव्हतं. मोटारीला वेग सांगावा लागत नाही, ती एकाच चालीने चालते. आमची मोटार म्हणजे आमचा शिपाई होता. त्याच्याबद्दल माहितीपत्रकात काही नव्हतं.

शिवाय सगळ्यात खालची बारीक चाळणी वाटेत कुठेतरी पोत्याखाली दबून आली. जाळी फाटलेली. लढाईचे दिवस होते, विलायतेहून दुसरी येण्याची आशा नव्हती. साहेबांनी ती बाजारातल्या एका पत्रेवाल्या मियाँकडे नेली. त्याने जाळीकडे पाहिलं, उजेडात धरली आणि म्हणाला, "साहब, ऐसी तार नहीं मिलेगी. पत्रे में छेद मार दूँगा. मगर छेद गोल होंगे."

"भोक ते भोक," साहेब म्हणाले.

पत्र्याच्या चाळणीत दोन भोकांच्या मधे सपाट जागा असते, तिथे माती आरामात बसून राहते. त्यामुळे आमच्या जिल्ह्याची सगळीच माती थोडी जास्त टिकाऊ ठरू लागली. साहेब खूष झाले. जिल्ह्याचं भलं झालं तर कोणत्या अधिकाऱ्याला वाईट वाटतं?

मातीचे नमुने येत ते सर्व्हिस मोटारीने. घाटाखालचे, म्हणजे वरवट बकाल, आमच्याच जिल्ह्यातलं जळगाव या बाजूचे, आदल्या दिवशी खामगावला येऊन थांबत आणि सकाळच्या पहिल्या मोटारीने घाट चढत. घाटावरचे, साखरखेर्डा, बीबी, मेहकर या अंगाचे, चिखलीच्या मोटारीने दुपारी पोहोचत. ज्या वेळी येतील त्या वेळी तपासायचे, असा साहेबांचा नियम होता. सरकारी काम तुंबता कामा नये.

सकाळी साहेब खोलीत असत. शिपायाच्या शेजारी उभे राहून ते म्हणत, "जोर लाव. जेवत नाहीस का?" शिपाई चाळिशीचा, अंगाने दणकट, घरी खाटल्यावर पडून असलेली आई आणि चार लेकरं. नोकरी जाईल या भीतीने तो दांडा असा फिरवायचा की टाकीतलं पाणी भिंतीवर उडे. बाराच्या सुमारास साहेब बंगल्यावर जेवायला जात आणि वामकुक्षी करून चारला परत येत. शिपाईसुद्धा निंबाखाली ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन येई. मग तो दांड्याला हात लावून बसायचा आणि पाळण्यातल्या लेकराला जोजवावं तशी ती उतरंड वरखाली व्हायची. मीही जेवलेलो असायचो. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं आणि मिनिटं बरोबर भरत होती.

वर्षभरात साहेबांनी एक सिद्धांत बांधला. घाटावरची माती कणखर आहे आणि घाटाखालची नाजूक आहे. आकडे तसेच येत होते आणि एकदाही चुकत नव्हते. साहेबांनी त्याची कारणंही शोधली. घाटावरची हवा थंड, तिथला खडक वेगळा, वारा वेगळा. नागपूरहून शाबासकी आली. ती चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं साहेबांच्या मनात होतं, पण काच मिळाली नाही.

मग चिखलीला शेतकी प्रदर्शन भरलं. साहेबांचं तिथे व्याख्यान होतं. टेबलावर पाण्याने भरलेली दोन काचेची भांडी ठेवली होती. घाटावरचं ढेकूळ साहेबांनी चिमट्याने अलगद पाण्यात ठेवलं. चिमटा एकच होता आणि त्याला ओली माती लागली होती, म्हणून घाटाखालचं ढेकूळ त्यांनी हातानेच वरून सोडलं. पहिलं तसंच बसून राहिलं. दुसऱ्याचा पाण्यात धूर झाला.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "घाटाखालची माती दिसायला काळीभोर, पण पाणी पाहिलं की हातपाय गाळते. घाटावरच्या मातीला कणा आहे."

सगळा मांडव घाटावरच्या माणसांनी भरलेला होता. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत साखरखेर्ड्याचे एक मोठे जमीनदार बसले होते, त्यांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. त्यांच्या टाळ्यांचा अर्थ आम्हाला महिनाभराने कळला.

एक दिवस सकाळच्या मोटारीने वरवट बकालचे पाटील आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. दारातच त्यांनी विचारलं, "साहेब कोन व्हय?"

"मी. काय काम आहे?"

"आमच्या मातीनं तुमचं काय घोडं मारलं, एवढं इचाराले आलो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांच्या मातीबद्दल काहीतरी तक्रार आहे."

"ते कळलं मला," साहेब म्हणाले. "घोडं कुठलं?"

पाटील बाकावर बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या मुलाचं लग्न साखरखेर्ड्याच्या एका चांगल्या घरात जमलं होतं. पानसुपारी झाली होती. मुलीचे वडील, तेच पहिल्या रांगेतले जमीनदार, प्रदर्शनाहून घरी गेले आणि त्यांनी निरोप पाठवला की लग्नाचं पुढे पाहू.

"म्या माणूस धाडला," पाटील म्हणाले. "इचारलं, काऊन? तं म्हनते, सरकारी साहेबानं हजार मानसांत दाखोलं, घाटाखालची माती पान्यात इरघळते. तिथं दोन पिढ्यांत वावरच राहाचं नाई. म्या माही पोरगी चिखलात देऊ का म्हनते."

"हे पाहा," साहेब जरा सावरून म्हणाले, "शास्त्राचा निष्कर्ष काही कुणाच्या लग्नासाठी काढलेला नसतो."

"मंग मोडाले काढला का?"

पाटलांनी गाठोडं सोडलं. आत त्यांच्या वावरातली ढेकळं होती. "हे घ्या. माह्या डोयासमोर पाहा. इरघळली तं मीच जाऊन सांगतो तिच्या बापाले."

घाटाखाली खाऱ्या पाण्याचा पट्टा आहे आणि तिथली काही माती खरोखरच पाण्यात विरते. पण पाटलांच्या विहिरीचं पाणी गोडं होतं आणि त्यांच्या वावरात पीक चांगलं येत होतं, हे ते शपथेवर सांगत होते. साहेब म्हणाले, "शपथ नको. यंत्र सांगेल."

यंत्राने सांगितलं. साहेब शेजारी उभे, शिपायाने दांडा गरगरा फिरवला, पाणी भिंतीवर गेलं आणि चाळण्यांवर जवळजवळ काही उरलं नाही. टाकीत गाळ दिसत होता. साहेब म्हणाले, "मला वाईट वाटतं," आणि बंगल्यावर जेवायला गेले.

पाटील बाहेर जाऊन निंबाखाली बसले. त्यांनी शिदोरी सोडली पण खाल्लं नाही. मला ते बघवेना. एवढा उंचापुरा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला मान, तो एका पत्र्याच्या चाळणीपुढे हरून बसला होता. दुपारी ते आत आले आणि म्हणाले, "बाबू, माती अजून उरली हाये. एकडाव अजून पाहा."

त्याने काही बदलणार नाही हे मला माहीत होतं. केवळ मन राखण्यासाठी मी त्याच गाठोड्यातली माती घेतली आणि शिपायाला बसवलं. त्याचे डोळे मिटत होते. उतरंड डुलत डुलत वरखाली होत राहिली. वेळ भरल्यावर चाळण्या वर काढल्या तर रव्यांचा ढीग तसाच.

पाटील पुढे वाकले. "आता काऊन राह्यली?"

मला वाटलं काहीतरी घोटाळा झाला. पुन्हा माती घेतली. या वेळी शिपाई पुरता जागा होता, कारण दोन्ही निकाल त्यानेही पाहिले होते आणि तो घाबरला होता. घाबरला की त्याचा हात जोरात चाले. माती पुन्हा गेली.

आम्ही तिघेही त्या दांड्याकडे पाहत राहिलो. मला चिखलीची मोटार आठवली आणि ती दुपारीच येते हेही आठवलं. शिपाई म्हणाला, "माहा काई गुन्हा नाई बाबू. साहेब उभे राह्यले की हात आपसूक चालते."

"म्हंजे," पाटील हळूच म्हणाले, "साखरखेर्ड्याची माती जेवल्यावर पाह्यता अन् आमची उपाशीपोटी?"

संध्याकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. चहा निवला.

"म्हणजे शिपायात दोष आहे," ते शेवटी म्हणाले.

"शिपायात नाही साहेब. यंत्राला वेग ठरवून दिलेला नाही."

"तेच म्हणतो मी. दुसरा शिपाई मागवू."

"दुसराही दुपारी जेवेल."

साहेब मला वाटलं तितके वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "त्या जमीनदारांची ही मुलगी कितवी?" मला माहीत नव्हतं. "थोरली असली तर मागच्यांचीही लग्नं अडतात," ते म्हणाले. त्यांना स्वतःला तीन बहिणी होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग ते पुन्हा साहेब झाले आणि म्हणाले, "दोन्ही वडिलांना बोलवा. पण हा फेरतपास नाही. याला प्रात्यक्षिक म्हणायचं."

मधल्या दिवसांत मी गवंड्याकडून एक ओळंबा आणला आणि आढ्याला दोरीने टांगला. दोरीची लांबी कमीजास्त करून एक सोसेल असा झोका ठरवला. ओळंबा एकदा आला-गेला की दांड्याचा एक फेरा, असं शिपायाला शिकवलं. तो म्हणाला, हे बरं आहे, आता भ्यायचं काम नाही. साहेबांना मात्र ओळंबा पसंत पडला नाही. प्रयोगशाळेत गवंडीकाम सुरू आहे असं दिसतं, म्हणाले. त्यांनी तो खुंटीला गुंडाळून ठेवायला लावला.

ठरल्या दिवशी पाटील आले, मुलीचे वडीलही आले. दोघांच्या हातात आपापल्या मातीची गाठोडी. एकमेकांना रामराम झाला, पण तो दुकानात उधारी मागताना घालतात तसा. मुलीचे वडील बारीक, तोंडाने तिखट. त्यांची बोली जालन्याकडे झुकणारी.

"मला बोलावलं कामून?" ते म्हणाले. "एकदा शास्त्रानं सांगितलं ना?"

"शास्त्रानं नाई, या शिपायानं सांगतलं," पाटील म्हणाले. "याच्या हातानं आता नको."

"मग मी फिरवतो," मुलीचे वडील म्हणाले आणि धोतराचा काचा मारून बसले. चाळणीत पाटलांची माती होती. त्यांनी दांडा असा फिरवला की आमचा शिपाई आदराने मागे सरकला. माती गेली, हे सांगायला नको.

"सरा," पाटील म्हणाले. साखरखेर्ड्याची माती चाळणीत घातली गेली आणि पाटील बसले. साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत पाणी त्यांच्या विजारीवर आलं होतं. एक चाळणी आकड्यातून सुटून टाकीत पडली. जिल्ह्यातल्या सगळ्यात कणखर मातीचा मागमूस उरला नाही.

दोघे धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले. मुलीचे वडील टाकीतल्या गाळात बोट घालून म्हणाले, "यातली माझी कोणती आन् तुमची कोणती?"

प्रथम शिपाई हसला आणि लगेच साहेबांकडे पाहून थांबला. मग पाटील हसले.

साहेबांनी मला मानेने खूण केली. मी ओळंबा सोडला. त्याच्या झोक्याबरोबर शिपायाने आधी पाटलांची आणि मग दुसरी माती बुचकळली. दोन्ही टिकल्या. डोळ्यांना तरी फरक दिसत नव्हता. पण साहेब म्हणाले, डोळे म्हणजे शास्त्र नव्हे, वाळवून तोलल्याशिवाय निकाल नाही. त्याला दुसरा दिवस उजाडणार होता. दोन्ही वडील धर्मशाळेत उतरले. गर्दी होती, दोघांना मिळून एकच खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच दोन्ही नमुने तोलले. पाटलांच्या मातीचे रवे किंचित जास्त भरले, पण इतके किंचित की साहेबांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. निकाल कागदावर लिहून, सही करून त्यांनी तो मला दिला. मी धर्मशाळेत गेलो तर दोघे तिथे नव्हते. मोटार स्टँडावर एका बाकड्यावर बसून एकाच बशीतली भजी खात होते.

"निकाल आणलाय," मी म्हणालो.

"राहू द्या," मुलीचे वडील म्हणाले. "आमचं बोलणं झालं. वैशाखात करायचं ठरलं."

"पण कोणाची माती..."

"ठेवा तुमच्यापाशी," पाटील म्हणाले. "आता आमी दोघं इवाई झालो. आता कोनाची माती चांगली हे सांगून भांडनं लावता का बाबू?"

मी परत गेलो. साहेब व्हरांड्यात वाट पाहत होते. त्यांनी तिथे खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कारण निकालाआधी ते चार शब्द बोलणार होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एक एक खुर्ची स्वतः उचलून आत ठेवली.

पुढे मी जिल्ह्याचे सगळे नमुने ओळंब्यावर पुन्हा तपासले. घाटावर आणि घाटाखाली असा भेद उरला नाही. खाऱ्या पाण्याच्या गावांची माती कच्ची निघाली, ती खरोखरच कच्ची होती आणि त्या लोकांना ते आमच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. साहेबांनी त्यावर नवा अहवाल लिहिला, फिरवण्याच्या वेगाचा मातीच्या मोजमापावर परिणाम. नागपूरहून पुन्हा शाबासकी आली. एकदा फरक सापडल्याबद्दल आणि एकदा फरक नसल्याबद्दल, अशी दोनदा शाबासकी मिळवणारा दुसरा अधिकारी मी पाहिला नाही. शिपायाला काही मिळालं नाही. पण त्याच्या मागे उभं राहणं साहेबांनी सोडलं. त्याच्या मते हेच मोठं बक्षीस होतं.

लग्नाला आम्हा तिघांना बोलावणं होतं. साहेब गेले नाहीत, आहेर पाठवला. मी आणि शिपाई गेलो. जेवणात वऱ्हाडी वांग्याची भाजी आणि बुंदी होती. शिपायाला पाटलांनी आग्रह करकरून वाढलं आणि म्हणाले, "जेव बाप्पा. तू जेवला की साऱ्यांचं भलं होते."

काही वर्षांनी सरकारी कामाने वरवट बकालला जाणं झालं. पाटील थकले होते. त्यांची सून चहा घेऊन बाहेर आली. दोन लेकरांची आई, तोंडात निम्मी साखरखेर्ड्याची आणि निम्मी इकडची बोली. सासऱ्यांनी माझी ओळख करून दिली, "हेच ते मातीवाले बाबू."

तिने पदर सावरून मला नीट निरखून पाहिलं.

"तुमच्यामुळंच माझं लग्न अडलं होतं ना?"

मी म्हणालो, हो, पण नंतर तपासलं तर माती चांगली निघाली.

"मातीचं मला कुठं भ्या होतं?" ती म्हणाली. "घाटाखालच्या उन्हाळ्याचं भ्या होतं. मायजवळ लई रडले मी, तिथं मी भाजून निघेन म्हणून. लग्न मोडलं म्हणून सांगितलं तर मी मनातून खूष झाले होते. मग तुम्ही पुन्हा जुळवलं."

पाटील खोकल्याआड हसले. मी कपाकडे पाहत बसलो. एवढं मोजमाप केलं, पण तिला काय वाटतं हे विचारायचं आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून झोपतो आम्ही. सवय होते. अजून चहा घेता?"